गरम झाली की थरथरणारी व्हॅन

व्हॅन माझ्या गॅरेजसमोर सुरू होती आणि गुणवंतभाऊ तिच्याकडे पाठ करून फोनवर तिचाच सौदा करत होते.

"हो जी, दुपारी या, पाहून घ्या. कारंज्यातच हाये, हायवेवरच्या गॅरेजात." फोन खिशात टाकून ते मला म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक येईपर्यंत नीट उभी राहीन, इतकी करून द्या. इकून टाकतो."

छोटी पेट्रोल व्हॅन. तक्रार आयडलिंगची. म्हणजे गिअर न्यूट्रलमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, इंजिन नुसतं आपल्या गतीने फिरतंय, अशा वेळी ते थरथरायचं. आरपीएम वर चढायचा, खाली पडायचा आणि इंजिन बंद. हायवेवर ट्रकमागे स्पीड कमी केला की बंद. बाजाराच्या फाटकात बंद. आधीच्या एका मेकॅनिकने इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं होतं. ते ऐकल्यावर गुणवंतभाऊंनी गाडी मनातून काढून टाकली होती.

त्यांच्या बायकोने, बेबीताईंनी, मात्र काढली नव्हती. त्या रिकाम्या क्रेटवर बसून होत्या. वांगी, मेथी, सांबार (कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो) असा घरचा माल त्या याच गाडीतून आठवडी बाजारात नेतात आणि स्वतः विकतात.

"गाडी गेली का पुन्हा दलालाले वावरातच माल द्या लागते," त्या मला म्हणाल्या. "तो म्हणीन तो भाव. पाहा भाऊ, काही होत असन तर."

मी क्रम ठरवून काम करतो. आधी सोपं, मग अवघड. स्पार्क प्लग काढून पाहिले, ठीक होते. कॉइल तपासल्या, त्याही ठीक. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, काळी झाली होती. ती साफ केली. फरक नाही. स्कॅनर लावला. हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, एवढंच त्याने सांगितलं. जास्तीची हवा येते कुठून, हे स्कॅनर सांगत नाही.

"सकाळी कशी चालते?"

"सकाळी मस्त चालते जी," गुणवंतभाऊ म्हणाले. "कारंज्यात येऊ येऊ तं थरथर कापते."

हे कामाचं होतं. थंड असताना बंद आणि गरम झाल्यावर उघडणारं एखादं भोक असणार. इंजिन हवा ओढून घेतं, जसं आपण स्ट्रॉने नारळपाणी ओढतो. स्ट्रॉला मध्येच भोक पडलं तर काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी वेगात असताना इंजिन इतकी हवा घेतं की छोटं भोक जाणवत नाही. आयडलिंगला मात्र मोजकीच हवा लागते, तिथे ते लगेच जाणवतं.

इंजिन गरम केलं आणि एकेका जोडावर क्लीनरचा स्प्रे मारत गेलो. जिथून हवा आत जात असेल तिथे स्प्रेही ओढला जातो आणि आवाज बदलतो. एअर फिल्टरच्या मागे, खालच्या बाजूला तो बदलला.

"इकडे कोणी हात लावला होता का?"

"नाई जी. कोण लावते?" गुणवंतभाऊ मोबाइलकडे बघत म्हणाले.

मग मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या, गॅस्केटचा (जोडातल्या पॅकिंगचा) संशय घ्यायचा. ते खोलणं म्हणजे दिवस गेला, आणि गिऱ्हाईक तर दुपारी येणार. मी पाना उचलला.

"सांगा ना त्यायले," बेबीताई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"पाइपाचं."

"तू काऊन मधात बोलून राह्यली?"

"मंग का तुमच्या लाजेपायी गाडी इकू देऊ?" त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, मांगं तिथला एक पाइप फाटला होता. यायनं ड्रिपची नळी कापून बसवली. वांग्याच्या वावरातली."

मी पाना खाली ठेवला, इंजिन बंद केलं आणि फिल्टरचा डबा काढला. इंजिनातली वाफ परत आत नेणारा पाइप तिथे असतो. काळी नळी, वर काळी टेप, दोन्ही टोकांना क्लॅम्प. इतकं नीट काम की नजरेला फरक कळेना. बोटाने दाबल्यावर कळला. रबर दबतं, ही दबेना.

टेप कापली. वावरात झाडाला पाणी सोडायला या नळीला भोकं पाडतात. नको असलेल्या भोकाला प्लास्टिकचं बारकं बूच मारतात. कापलेल्या तुकड्यात असं एक बूच आलं होतं. उष्णतेने भोक सैल झालं आणि बूच टेपखाली निसटलं. थंड असताना टेप त्या भोकावर घट्ट बसायची, तापली की सैल पडून हवा आत सोडायची. बूच टेपलाच चिकटलेलं सापडलं, तेव्हा मी हुश्श केलं. आत ओढलं गेलं असतं तर खरंच इंजिन खोलावं लागलं असतं.

"बूच होतं ना जी," गुणवंतभाऊ म्हणाले. "वावरात तं थेंब गळत नाई."

"वावरात इंजिन हाये का?" बेबीताई म्हणाल्या.

मी हसलो, पण गुणवंतभाऊंच्या हाताला मानलं. पाइप फाटला त्या दिवशी गाडी माल घेऊन बाजारात पोचली होती, ती याच नळीवर.

योग्य मापाचा रबरी पाइप बसवला. गाडी तापू दिली. फॅन सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. आरपीएमचा काटा जागचा हलला नाही.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याने कान देऊन ऐकलं. "आवाज तं मस्त हाये. इकता काऊन?"

गुणवंतभाऊंनी बायकोकडे पाहिलं. "कोण इकते?" असं म्हणत बेबीताईंनी क्रेट उचलून गाडीत ठेवलं.

त्या दोघांनी जाताना माझे आभार मानले. खरं तर ते मी मानायला हवे होते. त्या बोलल्या नसत्या, तर मी चांगलं गॅस्केट खोलून बसलो असतो आणि गाडी दुसऱ्याच्या दारात गेली असती. आता गॅरेजात गाडी आली की तिला काय होतं ते मी चालवणाऱ्याला विचारतो. तिच्यात काय काय बसवलं आहे, ते शेजारी बसणाऱ्याला.