ओढ्याकाठचा इन्स्पेक्टर

शिरूर आणि दौंड असे दोन्ही तालुके पालथे घातले, तरी माझ्या मामेभावाला पसंत पडेल असं एक वांगं सापडायचं नाही. तो कारेगावात एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि कारखान्याच्या गेटबाहेर पडल्यावरही त्याची ड्युटी सुटत नाही. बाजारात वांगं उचलून तो उजेडात धरतो, देठ बघतो, बूड बघतो आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने परत ठेवतो. भाजीवाली मावशी त्याला लांबून पाहिलं की पाटीवर पदर ओढते. माझ्या चपात्यांबद्दल तो काही बोलत नाही, पण ताटातली चपाती एकदा गोल फिरवून बघतो, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं.

मूळचा राहू गावचा. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटा राहतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी जिन्यात शिट्टी वाजली की इमारतीतली सगळी पोरं, माझ्या चिमीसकट, चपला हातात घेऊन धावतात. चिमीचा मामा म्हणून तो सगळ्याच पोरांचा मामा. मामा त्यांना मागच्या ओढ्यावर नेतो. ओढा म्हणजे फार काही नाही. कंपनीच्या कुंपणापलीकडे उसाचं रान, चार बाभळी आणि पाऊस चांगला झाला तर गुडघाभर पाणी. पण निघण्याआधी पोरांना रांगेत उभं करून सूचना देतो तेव्हा वाटतं, ही मंडळी थेट हिमालयात चालली आहेत. "पाण्यात उतरायचं न्हाई. बिळात हात घालायचा न्हाई. आन् शी लागली तर आत्ताच सांगा."

पोरांनी काय वाटेल ते गोळा करून आणायचं आणि मामाने ते तपासायचं, हा त्यांचा खेळ. सीताफळाचं पान आणलं की तो वर्निअर लावून अळीने पाडलेलं भोक मोजतो. "होल ओव्हरसाइज. रिजेक्ट." पोरं आनंदाने किंचाळत दुसरं पान आणायला पळतात. एकदा चिमीने काडीवरून वाणी आणला, तो हात लावला की वेटोळं करून पडणारा किडा. मामा त्याचे पाय मोजायला बसला. किडा चालायला लागला की हिशेब चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. जेवायची वेळ टळून गेली म्हणून मी बोलवायला गेले, तर मान वर न करता म्हणाला, "ताई, एखादा पार्ट कमी असंल तर पुढं सोडता येत न्हाई." सगळी पोरं उपाशीपोटी गंभीर होऊन किड्याभोवती बसली होती.

यंदा पावसाळ्यात ओढ्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींनी घरटी टांगायला घेतली. उसाच्या पानाच्या पट्ट्या आणून नर अर्धं घरटं विणतो, मग मादी येते, आत शिरून बघते, आणि नाही आवडलं तर सरळ उडून जाते. हे पाहिल्यावर आमचा मामा हरखूनच गेला. "ही आपल्या डिपार्टमेंटची हाय," तो पोरांना म्हणाला. पोरं मात्र नराच्या बाजूची. त्यातल्या एकाचं घरटं जरा वाकडं व्हायचं, त्याचं नाव त्यांनी 'ट्रेनी' ठेवलं. मादी येऊन गेली की पोरं तोंडं पाडून घरी यायची. चिमी तर एकदा ट्रेनीसाठी जेवलीच नाही.

आता सांगायला हवं, की लग्नाच्या बाजारात मामाचीही गत ट्रेनीसारखीच चालली होती. स्थळं यायची, चहा पिऊन जायची आणि मग फोन उचलायची नाहीत. तो रागवायचा नाही. एवढंच म्हणायचा, "ताई, रिजेक्ट करा, पण कारण लिहा की."

श्रावणात एक स्थळ आलं. मुलीचे चुलते खोली बघायला यायचे होते आणि ते ठरल्यापेक्षा तासभर आधीच आले. परीटघडीचा पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी. मामा ओढ्यावर. मी धावत निघाले, तर चुलतेही माझ्या मागोमाग. पाहते तो मामा चिखलात पालथा आणि दोन्ही बाजूंना पोरं पालथी. पाहुणे आले आहेत असं मी सांगायला लागले, तसा तो न वळता दबक्या आवाजात म्हणाला, "खाली बसा. ती आत गेलीय."

मी कपाळाला हात लावला. पण चुलते खरंच खाली बसले, त्या पांढऱ्या कपड्यांनिशी. ट्रेनीच्या घरट्यात मादी शिरली होती. बाहेर आली, उलटी लटकली, परत आत गेली. "काय म्हंती?" चुलत्यांनी विचारलं. "थांबा वो आजोबा, बघतीय ती," चिमीने त्यांना दटावलं. मादी गेली नाही. ट्रेनीने लगबगीने घरट्याखालची नळी विणायला घेतली. बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून पोरांनी एकमेकांच्या पाठीत धपाटे घातले. चुलत्यांच्याही पाठीत एक बसला. ते हसत होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "माणूस लई चांगला हाय. पण आमच्या पोरीला पुण्यात ऱ्हायचंय." मामाने ऐकलं, मान हलवली. "चला, कारण तरी कळलं," म्हणाला आणि वर निघून गेला. मला वाटलं, आता काही दिवस ओढा बंद. पण पुढच्या सुट्टीला जिन्यात शिट्टी वाजली.

काही आठवड्यांनी त्या घरट्यातून पिल्लांची चिवचिव यायला लागली तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. परत येताना चिमी दमून मामाच्या खांद्यावर झोपली. तिच्या पायांचा चिखल त्याच्या शर्टाला लागत होता. तो इतका सावकाश चालत होता की बाकीची पोरं केव्हाच घरी पोचली. इमारतीच्या दारात मी तिला घ्यायला हात पुढे केले.

"ऱ्हाऊ दे ताई," तो म्हणाला. "जिना चढूस्तवर ऱ्हाऊ दे."