मिसरी लावून डॉक्टरकडं

आमच्या सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवता येईना, हौसेनं शिवायला घेतलेली वाकळ अर्धीच पडून राहिली, आणि समोर बसलेली मी त्यांना नुसती धुरकट दिसायची. ऑपरेशन करायचं तर बीपी ताब्यात पाहिजे, आणि ते काही येईना. भूमच्या दवाखान्यातून आम्ही दोनदा हात हलवत परत आलो.

गोळ्या मी स्वतः द्यायची, कालवणात मीठ कमी मीच केलेलं. तरी बीपी आपलं चढलेलंच. मला तर वाटायचं, ते यंत्रच खुळं झालंय!

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

"छ्या! जन्मात हात लावला न्हाय," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. बोलताना त्यांचे काळे दात दिसले.

"मग मिसरी कधी लावलीत?"

"आत्ताच की, स्टँडवर उतरल्यावर. डॉक्टरपुढं घाण तोंड घिऊन यावं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं बायकांची मिसरी म्हणजे दात घासणं. तंबाखू तव्यावर भाजून काळी पूड केली की ती तंबाखू राहतच नाही, असा सगळ्या गल्लीचा समज. वर स्टँडवरचा कडक चहाही झालेला.

"अहो, हिरड्यातनं ती रक्तात जाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिरा आवळतात, काळीज धावायला लागतं. त्यात चहाची भर. आणि लगेच तुम्ही बीपी मोजायला बसता!"

मग घरात जे रामायण झालं! मिसरी सुटली तसं सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं, झोप उडाली, पोट साफ होईना. माझ्या भाजीला नावं, पोरांना शिव्या.

"डोळा ऱ्हाऊ दे तसाच, माझी डबी दे!"

"आत्या, डबी मी उकिरड्यावर टाकली!" मीही काही कमी नाही. कित्येक दिवस आम्ही एकमेकींकडं तोंड फिरवून जेवलो.

पण बीपी उतरलं, आणि ऑपरेशन झालं.

पट्टी सोडली तेव्हा मी पुढंच बसले होते. मनात म्हटलं, आता आधी डबीच मागतील. सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हात लांबवून त्यांनी माझ्या कानाजवळची बट धरली.

"अगं बया, लई पिकलीस की गं," त्या म्हणाल्या. "अन् मला कुणी सांगितलं बी न्हाय."