शेळगावचं माहेर चंदीगडला निघालं

पुण्याहून शनिवारी सकाळी निघालो तेव्हा पाकिटात एका विमान कंपनीचं, नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं चंदेरी कार्ड होतं आणि ते वाचवायचा बेत डोक्यात. या कार्डापायी मी कित्येक वर्षं एकाच कंपनीच्या विमानानं फिरलो आहे. दुसऱ्या कंपनीचं विमान सोयीच्या वेळेला सुटत असलं तरी मी आपल्याच विमानाची वाट बघत बसायचो. बायको म्हणते, एवढी निष्ठा सासरच्यांशी दाखवली असतीस तर जावयाचं नाव निघालं असतं. आता महिनाअखेरपर्यंत आणखी एक प्रवास झाला नाही, तर कार्ड जाणार होतं.

नेमकी तेव्हाच शेळगावच्या मावशीची अडचण कळली. तिची लेक आशा चंदीगडला असते. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायला हवं. पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची बंदी केली. मग माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. मी लगेच पुढे झालो. प्रवासातून साठलेल्या पॉइंटांत मावशीचं तिकीट काढायचं, सोबतीला मी जायचं, माझ्या कार्डावर जादा सामान न्यायचं. शिवाय माझा प्रवास मोजला जाऊन कार्डही वाचणार होतं. मी स्वतःवरच खूश होतो.

बारामतीत भेळ खाल्ली आणि इंदापूरच्या रस्त्याला लागलो. मे महिन्याचं ऊन, तरी दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस. पाटाच्या कडेला म्हशी निवांत बसलेल्या. शेळगावात पोचलो तर मावशीच्या ओसरीवर माहेर बांधून तयार होतं: डिंक, अळीव, बाळंतशोपा, बाजरीचं पीठ, तुपाची बरणी आणि जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी.

"एवढं सगळं?" मी विचारलं.

"तितं काय मिळतंय का न्हाय, कुणाला ठावं!" मावशी म्हणाली.

जेवायला पिठलं, भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा होता. आमची पानं अजून वाढलेली असतानाच आशाचा फोन आला. बाळाची वेळ अलीकडं आली होती. डॉक्टर म्हणत होते, दोन-तीन दिवससुद्धा निघतील असं वाटत नाही. मावशीनं हातातला घास ताटात ठेवला.

मी खरकट्या हातानंच मोबाईल उघडला. पॉइंटांवरची जागा थेट बुधवारची होती, तीही दिल्लीला उतरून, बराच वेळ थांबून. दुसऱ्या एका कंपनीचं विमान मात्र उद्या दुपारी पुण्याहून थेट चंदीगडला जात होतं. त्यात एकच जागा उरली होती.

मला बुधवारपर्यंत थांबायचं होतं. वाटलं, तात्या माझी बाजू घेतील. तात्या म्हणजे मावशीचे यजमान, आपल्या साखर कारखान्याचे जुने सभासद. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्या कारखान्याला उसाचं कांडं घातलं नव्हतं. मी म्हणालो, "तात्या, तुम्हीच सांगा. इतकी वर्षं एका जागी राहिल्यावर असं सोडून जाता येतं का?"

तात्यांनी शांतपणे ताक संपवलं. "औंदा मी दुसऱ्या कारखान्याला ऊस घातला की."

"तुम्ही?"

"आपल्या कारखान्याची ऊसतोडीची टोळी आलीच न्हाय. उसाला तुरा आला, वजन घटाया लागलं. किती दिवस वाट बघायची? त्यांची गाडी आली, दिला घालून. सभासद हाय म्हून ऊस वाळवायचा व्हय?"

"आणि माझ्याशिवाय मावशी एकटी कशी जाणार?"

"मधी उतरायचं न्हाय न्हवं?" मावशी म्हणाली. "मग जाती की मी. एसटीनं तुळजापूरला जाती, तशीच."

उरलेली एक जागा मी मावशीच्या नावानं घेऊन टाकली. खरं सांगतो, बटण दाबताना जिवावर आलं होतं.

सकाळी इंदापूरवरून हमरस्त्याला लागलो. पळसदेव आलं तसं मावशीनं गाडी आत घ्यायला लावली. उजनीचं पाणी ओसरलं होतं आणि जुनं देऊळ बाहेर आलं होतं. हे तिचं माहेर. ती लहान असताना धरणाच्या पाण्यात गेलेलं.

तिनं हात जोडले. "आमी भांडी, कोंबड्या, सगळं घिऊन वर आलो. आशा नव्या गावठाणातच झाली. म्हायेर हलवावं लागतंय कधीमधी."

मला घड्याळाची धास्ती होती. पण तिला लवकर चल म्हणायचं धाडस झालं नाही.

विमानतळावर सामान वजनाला लावलं आणि माझी पंचाईत झाली. जादा वजनाची माझी सवलत इथं कुणी विचारीना. मावशीनं काउंटरसमोरच फतकल मारून बोचकी सोडली. मागची माणसं चुळबुळ करू लागली. दुपटी बॅगेत राहिली, डिंक राहिला, हातातल्या पिशवीतली तुपाची बरणी दुपट्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेली. बाजरीचं पीठ माझ्या गळ्यात पडलं. मग तिनं पदर सावरला आणि एकदाही मागं न बघता आत गेली.

एका कंपनीला धरून राहावं की नाही? तिची वाट आणि आपली वाट एक असेल, तर जरूर राहावं. विमानतळावर मऊ सोफा मिळतो, कॉफी मिळते, रांगेत पुढे उभं राहायला मिळतं. पण आपल्याला जिथं ज्या दिवशी पोचायचं आहे, तिथं ती नेत नसेल, तर त्या कार्डाला काय चाटायचं? महिनाभर मी एका प्लास्टिकच्या तुकड्याची काळजी वाहत होतो. गाडी पार्किंगमधून बाहेर काढली आणि एकदम हलकं वाटलं. घरी पोचेपर्यंत मी चक्क गुणगुणत होतो.

सोमवारी सकाळी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि चंदीगडचा फोन वाजला.

"पोरगी झाली रं!" मावशी ओरडत होती, रडतही होती. "रातभर आशानं माझा हात सोडला न्हाय."

बुधवार उजाडायला अजून दोन दिवस होते.