नारळाचं सोडण

शिवडीच्या धक्क्यावर एक म्हातारे कोळी मला रोज दिसायचे. होडी सोडण्याआधी ते पाण्यात नारळाचं सोडण टाकायचे आणि ते कुठे वाहत जातंय ते डोळे बारीक करून बघत राहायचे.

मी कॉलेजात ग्रीक पुराणकथा शिकवतो. एकदा शहाणपणा दाखवत त्यांना म्हणालो, "काका, ग्रीकांना समुद्र म्हणजे पृथ्वीभोवती वाहणारी नदी वाटायची." आणि हसलो. वर्गात या वाक्याला हमखास हशा पिकतो.

ते हसले नाहीत. लांब गेलेल्या सोडणाकडे बोट करून म्हणाले, "वाहतंय नाय का? दर्यात जाणारी माणसं असतील ती, मास्तर. तुम्ही कधी गेलाय?"

मी गेलो नव्हतो. जन्म इथलाच, तरी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच वाक्य बोललो. मुलं हसली. मीही हसलो.