वर गाय, खाली शीशम

आमच्या बाबांच्या वाढदिवसाची भेट गाईने खाल्ली, आणि त्यात गाईची काहीच चूक नव्हती.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक होते. निवृत्तीनंतर त्यांनी हरियाणात, पलवलच्या पुढे दीड एकर जमीन घेतली. सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत जन्मभर कुंड्या सांभाळलेल्या या माणसाची एकच इच्छा होती: इमारती लाकडाची झाडं लावायची आणि त्याच झाडांमध्ये गाय चरताना बघायची. गाय आली, झाडं राहून गेली. यंदा तर बाबांचं सहस्रचंद्रदर्शन! मी ठरवलं, झाडं आपण लावायची, तीही गुपचूप.

नोएडाच्या ऑफिसात बसून मी (शेतीचा अनुभव: कढीपत्त्याची एक कुंडी, तीही वाळली) आराखडा काढला. शिसवीच्या ओळी दक्षिणोत्तर, म्हणजे मधल्या गवताला दोन्हीकडून ऊन. दोन ओळींत गाय आरामात वळेल एवढी जागा. रोपं लहान असताना गाईने खाऊ नयेत म्हणून मध्ये कुंपण. झाडं उंच झाली की ते काढायचं. कागदाच्या वरच्या अर्ध्यात लिहिलं, 'वर – गाय'. खालच्या अर्ध्यात, 'खाली – शीशम'. (जमीन सांभाळणाऱ्या रामपालला शिसव कळणार नाही, म्हणून मुद्दाम हिंदीतलं शीशम. केवढी ही दूरदृष्टी!)

"एकदा बाबांना दाखव ना," माझी बायको मेधा म्हणाली.

"मग सरप्राइज कसलं, यार?"

"निदान सगळं हिंदीत तरी लिही."

"अगं, लिपी एकच आहे! देवनागरी म्हणजे देवनागरी!"

नकाशा आणि रोपांचे पैसे रामपालच्या फोनवर गेले. दुसऱ्या दिवशी ऐन मीटिंगमध्ये त्याचा फोन.

"साहब जी, नक्शे में ये वर कौन है?"

"अरे भाई, वर मतलब ऊपर वाला!"

पलीकडून एकदम आदराचा आवाज. "अच्छा जी. समझ गया. जय हो!"

जय हो कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

वाढदिवशी बाबांना गाडीत घालून शेतावर नेलं. खालचा अर्धा भाग स्वच्छ, झाडून काढल्यासारखा रिकामा. वरच्या अर्ध्यात चाळीस बोडके खुंट, अगदी दक्षिणोत्तर! आणि त्यांच्या मधोमध कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ घालून आमची गाय रवंथ करत उभी.

"रामपाल, ये क्या किया?"

"आपने लिखा था खाली, हमने खाली रखा. पेड़ इधर लगा दिए. और गाय तो आपने ऊपर वाले की बताई, जी. उसे बाँधने का पाप कौन करे?"

मेधाने पदर तोंडाला लावला. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. बाबांनी रामपालच्या फोनवर नकाशा बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

"बाबा, चुकलं माझं. तुमचा आजचा दिवस घालवला मी."

ते काठी टेकत एका खुंटाजवळ गेले, वाकून त्याला हात लावला. "शिसवीला पुन्हा फुटवे येतात रे. आणि तिचं लाकूड मी थोडंच बघणार होतो? झाडांमध्ये गाय बघायची होती, बघितली की!" मग गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोट भरलं ना, बाई?"

मला इतकं भरून आलं की मी सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. तशी सवय आमच्या घरात नाही. बाबा अवघडले, पण त्यांनीही सोडलं नाही.

मग मिठीतच माझ्या कानाशी म्हणाले, "पुढच्या वेळी मला सरप्राइज द्यायचं असेल, तर आधी मला दाखव."

तेव्हापासून माझी सगळी गुपितं त्यांच्याकडून तपासून येतात. दोन तर नामंजूरही झाली आहेत.