ताईच्या मसाल्याला वास नव्हता

चूक कुणाची हे ठरल्याशिवाय मला चैन पडत नाही. दूध उतू गेलं तरी मी आधी गॅस बंद करणार नाही, आधी विचारणार, "कुणाचं लक्ष नव्हतं?" नवरा म्हणतो, हिला पोलिसात घ्यायला हवं होतं.

इकडे आखातात, अल कुसैसमध्ये आमचं डब्यांचं छोटं स्वयंपाकघर आहे. ऑफिसांत काम करणारी, एकटी राहणारी आपली माणसं दुपारचं जेवण आमच्याकडून नेतात. आमटी, उसळ, रस्सा, सगळ्याचा जीव म्हणजे ताईचा कांदा-लसूण मसाला. ताई माझी मोठी बहीण, कराडला असते. दर उन्हाळ्यात ती मिरच्या, खोबरं, तीळ, धणे भाजून मसाला करते आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून तो माझ्यापर्यंत पोचतो. आईनंतर तो हात ताईकडेच आला, असं तिची अख्खी गल्ली म्हणते. माझ्याकडे का आला नाही, याचं मला वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी मला आठवडाभर ताप आला. बरी झाले, कामाला लागले. त्यानंतर भाज्या बेचव लागू लागल्या, पण त्याचं मला काहीच वाटलं नाही. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या महिन्यापासून हेच म्हणत असतो: इथल्या कोथिंबिरीला वास नाही, टोमॅटोला चव नाही, सगळं ग्रीनहाउसमधलं नाहीतर विमानाने आलेलं. मग मसालाही नुसता तिखट लागू लागला. मी तो दीडपट घालू लागले, मग दुप्पट. एक दिवस डबा न्यायला आलेल्या एकाने तोंडावरच सांगितलं, "वहिनी, रागावू नका, पण आजकाल सगळं जाम स्पायसी होतंय. आणि परवाची आमटी तर टोटल करपलेली."

माझी आमटी करपेल? मी भाजीवाला बदलला, तेल बदललं आणि शेवटी ताईला फोन लावला.

"ताई, या वेळच्या मसाल्याला वासच नाही गं. नुसती मिरची."

"असं कसं? नेहमीसारखाच केलाय."

"तुझा हात गेला आता. वय झालं, दुसरं काय!"

वादात जिंकल्यासारखा मी फोन ठेवला.

त्याच दिवसांत मुलगी परीक्षेसाठी जुन्या ग्रीक शोकांतिका वाचत होती. मी कांदे चिरायला बसले की ती त्यातल्या गोष्टी इंग्रजीतून सांगायची आणि मी मराठीतून मध्येमध्ये तोंड घालायची. ते राजे वाईट नव्हते. कर्तबगार होते, प्रजेसाठी धडपडणारे होते. फक्त आपल्याला सगळं कळतं, याची त्यांना पक्की खात्री. कुणी काही सांगायला आलं की त्याच्यावरच आरोप करायचे. बाजूला वयस्कर माणसांचा घोळका उभा असायचा. त्यांना सगळं दिसायचं, पण बोलायचे आडूनआडून. मी वैतागून म्हटलं, "एवढा मोठा राजा आणि समोरचं दिसत नाही? बघणाऱ्यांना दिसतंय!" मुलगी म्हणाली, "मम्मा, दॅट्स द होल पॉइंट." तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी कांदे चिरत राहिले.

ताईला पुरावा द्यायचं मी ठरवलं. आधीच्या वर्षीचा मसाला बरणीच्या तळाशी थोडा शिल्लक होता. एका रविवारी दोन वाट्या मांडल्या, एकीत जुना, दुसरीत नवा. ताईला पाठवण्यासाठी फोनवर व्हिडिओ सुरू केला. नवऱ्याला आणि मुलीला डोळे मिटायला लावले.

"यल्ला, लवकर आटप," नवरा म्हणाला. पण नवा मसाला हुंगताच त्याचा आवाज बदलला. "अहाहा! खोबरं काय खरपूस भाजलंय. हा नवा? हा तर उलट जास्त चांगलाय."

मुलगी म्हणाली, "इट स्मेल्स लाइक मावशीज हाउस."

मी वाटी हिसकावून घेतली. नाकात मिरची झोंबली, शिंक आली. बाकी काही नाही. जुना मसाला हुंगला, तसंच. लसूण ठेचला, कॉफीचा डबा उघडला, देवाजवळचा कापूर आणला. काहीच नाही. फोनवर ते सगळं रेकॉर्ड होत होतं; नवऱ्याने हळूच तो बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"करपलेलं तुला कळत नाही, हे दिसत होतं. पण तुला सांगणार कोण?" नवरा म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, तापाने गेलेला वास कधीकधी परत येतो, इन्शाल्ला. मुलीच्या परीक्षेत प्रश्न होता म्हणे, माणसाला काय बुडवतं, नशीब की गर्व? मी तो प्रश्न अजून सोडवतेय. ताप माझ्या नशिबात होता, वास जाणंही असेल. पण "तुझा हात गेला" हे वाक्य कुणी माझ्या कपाळी लिहिलेलं नव्हतं. ते माझं मी बोलले, आणि बोलताना मला बरं वाटलं होतं. दोन्हींतली सीमा मला अजून नीट सापडत नाही.

ताईला फोन करायला मला बरेच दिवस लागले. सगळं सांगितलं. ती आधी माझ्याच काळजीत पडली: गॅस नीट बघ, दूध नासलं तर कुणाला तरी विचार. मग मी म्हटलं, "ताई, मसाला उत्तम होता. चूक माझी होती. यंदा कर ना."

"यंदा कुणालाच करून दिला नाही गं. गल्लीतल्या बायका मिरच्या घेऊन आल्या होत्या, परत पाठवल्या."

"पण आता तर कळलं ना, तुझं काही चुकलं नव्हतं?"

"कळलं गं. पण परवा घरच्यापुरतं खोबरं भाजायला घेतलं, छान वास सुटला, तरी शेजारणीला हाक मारली. म्हटलं, बघ गं, तुला येतोय का? ती येतोय म्हणाली, पण मला खरं वाटेना. मी गॅस बंद केला."

मला रडू फुटलं. ताई तिकडून मलाच समजावत राहिली, लहानपणी मी पडले की समजवायची तशी.