वारेतला विषाणू

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, वार, म्हणजे प्लॅसेंटा, नीट काम करत नाहीये, बाळाचं वजन वाढत नाही. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. वारेचं चित्र फळ्यावर कितीदा तरी काढलंय, पण त्या दिवशी तेच त्यांना दोनदा विचारलं.

शुक्रवार पेठेतल्या घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, वार बिघडते तरी कशी? घाबरले की मला शिकवायची खोड आहे. सांगत सुटले. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या पूर्वजांच्या शरीरात शिरला आणि त्याचं एक जनुक कायमचं आत राहिलं. ज्या प्रथिनाच्या जोरावर तो पेशीत घुसायचा, त्याच घाटाच्या प्रथिनानं आता वारेच्या पेशी एकमेकींत मिसळतात. त्यातून जो पडदा तयार होतो, त्यातूनच आईचं अन्न बाळाला पोचतं.

एवढ्या पुराणातून सासूबाईंनी एकच शब्द उचलला, विषाणू. सासरे कोरोनात गेलेत. दुसऱ्या दिवशी काढा गॅसवर चढला, कडुलिंबाची धुरी सुरू झाली आणि माझी ताट-वाटी वेगळी झाली. सासऱ्यांचं ताटही असंच दाराशी सरकवलं जायचं. मला काही झालेलं नाही, असं मी चिडून सांगितलं. नवरा म्हणाला, त्यांच्या समाधानासाठी पी की. सांगणाऱ्याचं काय जातं! मी तो कडू काढा गिळायचे आणि पोटावर हात ठेवून बाळ हलतंय का ते बघायचे. हलायचं थांबलं तर, ह्या भीतीनं रात्री उठून पुन्हा बघायचे.

आठव्यात वारेनं हात टेकले. सिझर करावं लागलं. इवलीशी पोरगी काचेच्या पेटीत ठेवली. जगेल, असं कुणीच छातीठोक सांगेना.

सासूबाई मास्क लावून खिडकीशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्ये तू म्हनलीस त्ये, विषाणूचं, हिच्याबी अंगात हाय?"

"आहे, अत्ती. तुमच्यात आहे, माझ्यात आहे. त्याच्याच आधारावर ही इथवर आली."

त्यांनी मास्क खाली ओढला. डोळे भरले होते.

"हिला पोसलं की त्यानं. मग आमच्या मानसाशीच आसं का वागला?"

तो विषाणू वेगळा होता. एवढं साधं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते मला देववेना.